ग्रंथालयांनी कोडची पुस्तकं कमी घ्यावीत

ठाणे किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या ग्रंथालयानं डेटा ॲनालिसिसची पुस्तकं घ्यायचं ठरवलं, की यादी बहुधा एकाच वळणाची होते. शीर्षकात पायथन किंवा आर या संगणकभाषांचं नाव किंवा मशीन लर्निंग (संगणकाला डेटावरून अंदाज बांधायला शिकवणं) हवं, जाडी पाचशे पानांच्या पुढे हवी आणि ऑनलाइन दुकानात चांदण्या भरपूर हव्यात. वाचकांची मागणीही तशीच असते. ऐरोली-महाप्याला नाहीतर वागळे इस्टेटला मुलाखत आहे, जाहिरातीत पायथन लिहिलंय, तेव्हा पायथनचं पुस्तक द्या. ग्रंथपालाला यात दोष देता येणार नाही. पण पैसा चुकीच्या कपाटात जातो, हे मात्र खरं. कोड शिकवणारी उत्तम पुस्तकं लेखकांनीच जालावर मोफत ठेवली आहेत आणि त्यांची छापील प्रत तीन-चार वर्षांत शिळी होते. संख्याशास्त्र नीट समजावणारं पुस्तक महाग असतं, पण चाळीस वर्षं कामाला येतं. विकत घ्यायचं ते हे दुसरं. पहिल्यासाठी एक बरा संगणक आणि इंटरनेट पुरे.

शिळी होते म्हणजे नेमकं काय होतं? आर भाषेची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. त्यानंतर तब्बल वीस वर्षं या भाषेला एक खोड होती. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा तक्ता) वाचताना मजकुराचा प्रत्येक स्तंभ ती आपोआप ‘फॅक्टर’, म्हणजे क्रमांक दिलेल्या गटांची यादी, करून टाकायची. समजा, रकमेच्या स्तंभात ‘१,२००’ असा स्वल्पविराम आला. मग आकडा मजकूर व्हायचा, मजकुराचा फॅक्टर व्हायचा आणि त्याचं पुन्हा आकड्यात रूपांतर केलं की रकमेऐवजी गटाचा क्रमांक हाती यायचा: १, २, ३. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीनं ही खोड काढली. बदल चांगलाच झाला, पण त्याआधीच्या पुस्तकांतल्या इशाऱ्यांची पानंच्या पानं आता गैरलागू आहेत. शिवाय फॅक्टर गृहीत धरणारा जुना कोड नव्या आरमध्ये कुरकुर न करता रिकामं उत्तर देतो.

पायथनचं त्याहून वाईट. पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या पायथन-साधनातली ‘आयएक्स’ ही निवडपद्धत जानेवारी २०२० च्या १.० आवृत्तीत गेली. ओळी जोडणारं ‘अपेंड’ एप्रिल २०२३ च्या २.० आवृत्तीत गेलं, आता ‘कॉनकॅट’ वापरायचं. पांडाज ज्यानं लिहायला घेतलं त्या वेस मॅकिनीच्याच पुस्तकाची तिसरी आवृत्ती २०२२ मधली. म्हणजे मूळ कर्त्याचं पुस्तक छापून आलं आणि वर्षभराच्या आत साधनाची मोठी आवृत्ती बदलली. बॉस्टनच्या घरांच्या किमतींचा डेटा कित्येक पुस्तकांत रिग्रेशनचं, म्हणजे काही आकड्यांवरून दुसऱ्या आकड्याचा अंदाज बांधण्याचं, पहिलं उदाहरण म्हणून येतो. सायकिट-लर्न या पायथनच्या मशीन लर्निंग साधनानं तो डिसेंबर २०२२ मध्ये काढून टाकला, कारण त्यातला एक स्तंभ वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावर बेतलेला होता. आज त्या पुस्तकातलं प्रकरण उघडून पहिली ओळ चालवली की लाल अक्षरांत त्रुटी येते.

शिकणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारा बदल मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. यादृच्छिक नमुना काढण्यापूर्वी पुस्तकं ‘सीड’ (यादृच्छिक निवड कुठून सुरू व्हावी ते ठरवणारा आकडा) ठरवून देतात, म्हणजे वाचकाला लेखकाचेच आकडे मिळावेत. नमुना काढण्याच्या आरच्या रीतीत एक सूक्ष्म कल होता. २०१९ च्या ३.६ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. तेव्हापासून तोच सीड दिला तरी जुन्या पुस्तकातलं उत्तर येत नाही. एकट्यानं शिकणारा मुलगा तीच ओळ पाच वेळा टाइप करतो, स्वल्पविराम तपासतो आणि आपल्याला हे जमणार नाही अशा निष्कर्षाला येतो. जुनी रीत परत लावायची सोय आरमध्ये आहे, पण ती छापून झालेल्या पुस्तकात कुठून असणार?

तरीही या चुका सौम्यच म्हणायच्या. कोड अडला की निदान कळतं तरी. घातक चुका असतात त्या कोड मुकाट चालल्यावर. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे घ्या. सरासरी ५. वर्गित विचलनांची बेरीज ३२. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या साधनाला प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) विचारलं तर ते २ सांगतं. पांडाजला विचारलं तर २.१४. दोन्ही पायथनमध्येच, एकाच संगणकावर. वर्गमूळ काढण्यापूर्वी त्या ३२ ला नमपाय ८ नं भागतं, पांडाज ७ नं. एक्सेलमध्ये यासाठी दोन वेगळी सूत्रं आहेत, आणि आर नेहमी एक वजा करूनच भागतो. यातलं ‘बरोबर’ कोणतं, हे कोडचं पुस्तक सांगू शकत नाही. तुमच्या हातात सगळी लोकसंख्या आहे की तिचा नमुना, यावर ते ठरतं आणि तो प्रश्न संख्याशास्त्राचा आहे.

आपल्या भागातला डेटा घेतला की असे प्रश्न दर वळणावर येतात. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती, देशातल्या जिल्ह्यांत सर्वाधिक. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि पंधरा तालुक्यांतले सात ठाण्यात राहिले. आता २०१८ च्या जिल्हावार फाइलमधल्या रुग्णालयांना किंवा शाळांना २०११ च्या लोकसंख्येनं भागलं तर ठाणं एकाएकी मागास दिसू लागतं. दोन फाइलींची जोडणी बिनतक्रार होते, कारण दोन्हीकडे ‘ठाणे’ हे नाव आहेच. ‘नवी मुंबई’ या नावाचीही तीच गत. कुठे ते दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या महापालिकेचं असतं, तर कुठे त्यात खारघर-कामोठेही धरलेलं असतं, जे रायगड जिल्ह्यात आणि २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे.

सरासरीचीही गंमत पाहा. ठाणे जिल्ह्याच्या सात तालुक्यांच्या साक्षरतेच्या टक्केवाऱ्या घेऊन त्यांची सरासरी काढली तर मुरबाडला आणि ठाणे तालुक्याला सारखंच वजन मिळतं. २०११ मध्ये मुरबाड दोन लाखांच्या आत होतं आणि ठाणे तालुका पस्तीस लाखांच्या वर. कोड एका ओळीचा, उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत आणि अर्थ शून्य.

वाशीच्या बाजार समितीचे भाव सरावाला फार चांगले. आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, चारही रोज जाहीर होतात. पण परिमाणाच्या स्तंभात कांदा-बटाट्यापुढे क्विंटल असतं आणि कोथिंबीर-मेथीपुढे नग. तो स्तंभ न बघता ‘भाजीपाल्याचा सरासरी दर’ काढणारा किलो आणि जुड्यांची बेरीज करतो. बाजार बंद असतो त्या दिवसाची ओळच नसते. ती भरून काढताना आवक शून्य धरली तर महिन्याची सरासरी घसरते, आणि दर शून्य धरला तर आलेखात दर आठवड्याला कांदा फुकट मिळतो. महिन्याचा भाव काढताना रोजच्या दरांना आवकेचं वजन द्यायचं की नाही, हाही विचार करूनच ठरवायचा निर्णय. ग्राहकाला काय भाव पडला हे हवं असेल तर द्यायचं. बाजाराचा रोजचा चढउतार बघायचा असेल तर नको.

पावसाचं उदाहरण तर प्रत्येक पुस्तकात असायला हवं. पहिल्या आणि तिसऱ्या चतुर्थकांमधल्या (क्रमानं लावलेल्या आकड्यांत पाव आणि पाऊण वाटेवर येणाऱ्या आकड्यांमधल्या) अंतराच्या दीडपट पलीकडे जाईल तो आकडा बाह्य, तो काढून टाका, असा ठोकळा नियम कोडच्या पुस्तकांत सर्रास आढळतो. हा नियम कोकणातल्या वर्षभराच्या रोजच्या पावसाला लावा. आठ महिने बहुतेक कोरडे, त्यामुळे तिसरं चतुर्थकही शून्याला चिकटून बसतं आणि पावसाळ्यातले निम्म्याहून अधिक दिवस ‘बाह्य’ ठरतात. नियम पाळणारा माणूस डेटातून पावसाळाच काढून टाकतो. सांताक्रूझचा २६ जुलै २००५ चा ९४४ मिलिमीटर हा आकडा तर पहिल्याच फटक्यात जाईल. आणखी एक खाच अशी की हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे २६ जुलैचा तो पाऊस नोंदीत २७ तारखेपुढे लागतो. लोकल बंद पडल्याच्या तारखांशी पाऊस जोडू पाहणाऱ्याला हे माहीत नसेल, तर आधी गाड्या बंद पडल्या आणि मग पाऊस पडला असं त्याला दिसेल.

तारखांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. ०५/०६/२०२४ ही आपल्याकडे पाच जून, पांडाजला ती सहा मे वाटते. जुनं पांडाज १३/०६ आल्यावर, तेरावा महिना नसतो म्हणून, तेवढ्याच ओळीपुरता क्रम गुपचूप उलटा करायचं. एकाच स्तंभात काही तारखा अमेरिकन आणि काही भारतीय होऊन बसायच्या. २.० पासून ते अशा वेळी थांबून त्रुटी देतं. दिवस आधी आहे, हे वाचतानाच सांगून ठेवणं उत्तम.

आणि मराठी मजकूर. युनिकोड सीएसव्ही थेट दुहेरी क्लिकनं एक्सेलमध्ये उघडली तर बऱ्याचदा देवनागरीऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. ती ‘डेटा’ टॅबमधून, यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत-पद्धत निवडून आत घ्यावी लागते. जुन्या सरकारी पीडीएफ बिगर-युनिकोड फाँटमध्ये असतात, त्यांतून उचललेला मजकूर आधी फाँट-परिवर्तकातून काढावा लागतो. सर्वांत फसवा प्रकार ‘ॲ’ या अक्षराचा. ते एकाच संकेतांकानं लिहिता येतं, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन दोन संकेतांकांनी. पडद्यावर तंतोतंत सारखं, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणारं युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. एक रूप शोधून दुसऱ्यानं बदलण्याची ओळ स्वतःच लिहावी लागते. हे इंग्रजी पुस्तकात सापडायची अपेक्षाच नको.

मग पुस्तक निवडायचं कसं? दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या दहा मिनिटांत पुरेशी पारख होते. पहिली दोन मिनिटं हक्कपानाला. साल बघा आणि प्रस्तावनेत साधनाची कोणती आवृत्ती वापरली ते बघा. आर ४ च्या आधीचं किंवा पांडाज १ च्या आधीचं असेल तर कोडसाठी घेऊ नका, पायथन २ चं असेल तर रद्दीतूनही उचलू नका. मग विषयसूचीत तीन गोष्टी शोधा: गहाळ मूल्यं, दोन तक्त्यांची जोडणी, तारखा. प्रत्येकीला एकेक पान मिळालं असेल तर लेखकानं खऱ्या डेटाला हात लावलेला नाही, असं खुशाल समजा. उदाहरणं कशावर आहेत तेही पाहा. दीडशे फुलांचा आयरिसचा तक्ता आणि ३२ मोटारींचा ‘एमटीकार्स’ या दोनांवरच पुस्तक उभं असेल तर ते परत ठेवा. दोन्ही तक्त्यांत एकही जागा रिकामी नाही. जोडणी शिकवणाऱ्या प्रकरणात, जोडण्यापूर्वी आणि नंतर ओळी मोजा, असं लेखक सांगतो का? ओळी वाढल्या तर किल्ली (ज्यावरून तक्ते जोडले तो स्तंभ) दुहेरी आहे, घटल्या तर नावं जुळलेली नाहीत. हे एक वाक्य असलेलं पुस्तक मी विकत घेईन. सरावप्रश्न शेवटी बघायचे. ‘वरचा कोड चालवून पाहा’ हा प्रश्न नव्हे. ‘हा निष्कर्ष कोणत्या परिस्थितीत चुकेल?’ हा प्रश्न.

छपाईचंही एक आहे. परदेशी पुस्तकांच्या अनेक स्वस्त भारतीय आवृत्त्या काळ्या-पांढऱ्या असतात. लाल आणि हिरवी रेघ दोन्ही करड्या झाल्या की आलेखांचं प्रकरण वाया गेलं. आणि पीडीएफमधून कोड उचलून चिकटवू नका. सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात, वजाबाकीच्या चिन्हाचा लांब डॅश होतो आणि त्रुटीच्या संदेशातून खरं कारण कळत नाही.

नावंच हवी असतील तर आरसाठी ‘आर फॉर डेटा सायन्स’ची २०२३ ची दुसरी आवृत्ती. पहिली आवृत्ती कपाटात असेल तर जपून, तिच्यातली तक्त्याचा आकार बदलण्याच्या आज्ञांची जोडी तेव्हापासून मागे पडली आहे. अजून चालते, पण नव्यानं शिकायचं कारण नाही. पायथनसाठी मॅकिनीचंच, तिसरी आवृत्ती. दोन्ही लेखकांच्या संकेतस्थळांवर अधिकृतपणे मोफत वाचता येतात, चोरट्या पीडीएफची गरजच नाही. मशीन लर्निंगसाठी जेम्स, विटन, हेस्टी आणि टिबशिरानी यांचं प्रास्ताविक पुस्तक: आरची दुसरी आवृत्ती २०२१ ची, पायथनची २०२३ ची, तेही मोफत. पण ते तिसऱ्या क्रमांकावर वाचायचं, पहिल्या नव्हे. आर की पायथन या वादात वेळ घालवू नये. आयटीत किंवा बँकेत जायचं असेल तर पायथन. सर्वेक्षणं, आरोग्य किंवा सामाजिक शास्त्रं असतील तर आर. पहिल्या सहा महिन्यांत दोन्ही एकदम नको.

पैसे खर्चायचे ते फ्रीडमन, पिसानी आणि पर्व्ह्स यांच्या ‘स्टॅटिस्टिक्स’वर. पहिली आवृत्ती १९७८ ची, चौथी २००७ ची. त्यात कोडची एक ओळ नाही आणि सूत्रंही बेताची. सुरुवातच १९५४ च्या पोलिओ लसीच्या चाचणीनं होते: तुलना करायचे दोन गट कसे निवडले, आणि निवड चुकली असती तर आकडे कसे फसवे निघाले असते. बीएस्सीला असलेल्यांच्या घरी गुप्ता-कपूर यांचं संख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक असतंच. ते पुस्तक वाईट नाही, सिद्धतांसाठी ते लागतं. पण त्यात वितरणं भेटतात, डेटा कुठून आला हा प्रश्न फारसा भेटत नाही. तो प्रश्न आयुष्यभर विचारणारा माणूस आपल्याच मुलखातला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. पीककापणीसाठी शेतात फार छोटा तुकडा आखला तर कडेवरची रोपं आत मोजली जातात आणि उत्पादन फुगतं, हे त्यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. नमुना सर्वेक्षणावरचा त्यांचा ग्रंथ १९५४ चा. तो नवशिक्यानं वाचायचा नव्हे, पण ग्रंथालयात एक प्रत हवीच. सर्वेक्षणाच्या फाइलवर काम करणाऱ्याला कधी ना कधी त्याची गरज पडते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आता पुस्तकंच कशाला, चॅटबॉट कोड लिहून देतो, व्हिडिओ आहेत. कोड तो देतो, आणि बहुधा चालणारा देतो. नेमका म्हणूनच वर सांगितलेल्या मुकाट चुकांचा धोका वाढला आहे. मुरबाड आणि ठाण्याला सारखं वजन देणारी ओळ तो आनंदानं लिहील, कारण तुम्ही ‘सरासरी काढ’ असंच म्हणालात. कोड टाइप करण्याचं मोल घटलं आणि उत्तर तपासण्याचं वाढलं, तर कोडच्या पुस्तकांवरचा खर्च आधी घटवायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फ्रीडमनचं इंग्रजी सोपं असलं तरी इंग्रजीच आहे. कळवा-मुंब्र्यापासून शहापूरपर्यंतच्या मराठी माध्यमातल्या मुलामुलींचं काय? मग मराठीत कोडची पुस्तकं भाषांतरित करा, अशी सूचना येते. माझा तिला विरोध आहे. भाषांतर, संपादन आणि छपाई होईपर्यंत मूळ आवृत्तीच बदललेली असेल आणि मराठी वाचकाच्या हाती पुन्हा शिळंच पडेल. मराठीत हवी ती सराववही. चाळीस-पन्नास पानांची, ठाणे आणि पालघरच्या डेटावर बेतलेली. त्यात जनगणनेचा तालुकावार तक्ता, बाजार समितीचे वर्षभराचे भाव आणि रोजचा पाऊस अशा तीन फाइली असाव्यात, मुद्दाम न झाडलेल्या. प्रत्येक प्रश्न आधी दहा-बारा ओळींवर हातानं सोडवायचा: कांद्याचे बारा दिवसांचे दर उतरत्या क्रमानं लावा, मध्यक काढा, आवकेचं वजन देऊन सरासरी काढा. मग तेच कोडनं करायचं आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघायचं. नाही जुळली तर का, ते दोन वाक्यांत लिहायचं. स्पष्टीकरण मराठीत आणि कोड वेगळ्या फाइलीत असला की आवृत्ती बदलल्यावर फक्त ती फाइल बदलावी लागेल, वही तशीच राहील.

ग्रंथालयांपुढे एक अडचण खरी आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणाऱ्या संस्थेत पुस्तक दाखलनोंदवहीत चढवणं सोपं, निर्लेखित करणं, म्हणजे नोंदीतून कमी करणं, जिकिरीचं. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासून चालत आलेल्या संस्थांची सगळी घडी पुस्तकं जपण्याची आहे आणि ती तशीच असावी. म्हणूनच लवकर मरणारी पुस्तकं मुळात थोडी घ्यावीत. वर्षाला या विषयावर वीस हजार रुपये असतील तर पंधरा हजार संख्याशास्त्र, सर्वेक्षण आणि आलेखनावर, दोन हजार सराववहीच्या छपाईवर आणि उरलेल्यात आर आणि पायथनचं चालू आवृत्तीचं एकेक पुस्तक. त्या दोन्हींच्या कण्यावर साधनाच्या आवृत्तीची चिठ्ठी डकवावी आणि जुनी आवृत्ती संदर्भ कपाटात न ठेवता मागच्या खोलीत हलवावी. अभ्यासिकेतल्या एका संगणकावर आर आणि पायथन बसवून ठेवावं, मेमरी आठ जीबी असली तरी या सरावाला पुरते. आरची मदत-पानं इंटरनेट गेल्यावरही उघडतात. तीन फाइली त्याच संगणकावर ठेवाव्यात आणि बाजारभावाची फाइल दर एप्रिलला नवी घ्यावी. जनगणनेची मात्र २०२७ ची गणना होऊन तालुकावार तक्ते बाहेर येईपर्यंत २०११ चीच वापरावी लागेल.